मोठीचं आधी

१

वाघोलीत आमची सकाळ दुधाच्या पिशवीनं सुरू व्हायची, साखरखेर्ड्यात ती जानरावांच्या हाकेनं सुरू झाली. मोटारसायकलला दोन्ही बाजूंनी कॅन लटकवून हा गृहस्थ यायचा आणि फाटकाशी असा ओरडायचा, की मेलेलं माणूसही पातेलं घेऊन बाहेर यावं. पहिल्या दिवशी मी हसतच बाहेर गेले. त्यांनी माप घातलं, वरून थोडं जास्तीचं ओतलं आणि म्हणाले, "घ्या, धाकट्या वैनी."

धाकट्या कशावरून, ते काही मला कळेना. माझा नवरा प्रेम एकुलता एक. आईवडील त्याच्या लहानपणीच गेले, काका नारायणरावांनी वाढवलं, आणि तेही मागच्या साली गेले. सासरचं म्हणून मला कोणी उरलंच नव्हतं, मग मी धाकटी कोणाच्या मानानं? पण म्हटलं, गावाकडची पद्धत असेल. प्रत्येक गोष्टीत नाक खुपसायची माझी सवय जरा आवरावी, असं मी येतानाच ठरवलं होतं.

इथं यायची कल्पना प्रेमची. त्याला इथल्या दाल मिलवर मॅनेजरचं काम मिळत होतं, काकांचं घर रिकामं पडलं होतं, आणि आमच्या अपेक्षाला, म्हणजे दुसरीतल्या अपूला, खेळायला अंगण मिळणार होतं. दातांच्या दवाखान्यातली माझी रिसेप्शनची नोकरी मी सोडली. मैत्रिणींनी वेड्यात काढलं. मी म्हटलं, "नवऱ्यावर विश्वास आहे माझा." ते वाक्य आठवलं की आज माझं मलाच थोबाडावंसं वाटतं.

घर जुनंपुराणं नव्हतं. स्लॅबचं, पिस्ता रंगाचं, चकचकीत फरशीचं. रस्त्याकडून आत हॉल, मग मधली खोली, मग स्वयंपाकघर, आणि हॉलमधून थेट स्वयंपाकघरात जायला बाजूनं बोळ. मधल्या खोलीला खिडकी नव्हती, भर दुपारीही दिवा लावावा लागायचा. तिथं एका कोनाड्यात देव्हारा आणि समोर एक लोखंडी कपाट. कपाटाला कुलूप होतं. "काकांचं सामान आहे, किल्ली सापडली की बघू," प्रेम म्हणाला.

त्याच दिवशी गल्लीतल्या बाया माझी ओटी भरायला आल्या. पुढे होत्या समोरच्या झुंबरबाई. खणखणीत आवाजाच्या, साऱ्या गल्लीचं लग्नबारसं हातात असलेल्या. मी हॉलमध्ये पाट मांडून बसले, तर त्या माझ्यासमोरून सरळ मधल्या खोलीत गेल्या. देव्हाऱ्यापुढे खण ठेवला, नारळ ठेवला, हळदकुंकू वाहिलं. मग बाहेर येऊन माझ्या कपाळाला बोट लावलं.

"मोठीचं आधी," त्या म्हणाल्या, "मंग तुहं."

मला वाटलं, मोठी म्हणजे देवी. कोणाला वाटलं नसतं?

२

मधल्या खोलीतलं कपाट दुपारी वाजायचं. मोठा आवाज नाही. कपाटाचं हँडल आपण खाली दाबतो आणि ते कर्रकन फिरतं, तेवढाच. मी स्वयंपाकघरात भांडी आवरत असायचे, अपू शाळेत, प्रेम मिलवर. पहिल्यांदा मी जाऊन बघितलं. कुलूप जागच्या जागी. पत्रा उन्हानं तापतो आणि वाजतो, असं मी स्वतःला समजावलं. या खोलीत ऊन येतच नाही, हे मला दोन-तीन दिवसांनी सुचलं, आणि सुचलं नसतं तर बरं झालं असतं.

महालक्ष्म्या जवळ आल्या होत्या. आमच्याकडे पुण्यात गौरी म्हणतात, इकडे महालक्ष्म्या. भाद्रपदात ज्येष्ठा आणि कनिष्ठा, दोघी बहिणी, तीन दिवस घरी पाहुण्या येतात. मुखवटे बसवून, साड्या नेसवून दोघींना उभं करायचं. मी हे कधी केलेलं नव्हतं, पण प्रेमनं हौसेनं सगळं ठरवलं होतं. एका सकाळी तो मेहकरहून आणलेली नवी साडी घेऊन आला. गर्द हिरवी, लाल काठांची. "आत्ताच नेस," तो म्हणाला. लग्नाला नऊ वर्षं झाली, माझ्या नवऱ्यानं साडी आणून नेसायची घाई कधी केली नव्हती. मला लाजच वाटली. मी नेसले आणि मिरवायला फाटकाशी गेले.

समोरच्या ओट्यावर बाया वाती वळत बसल्या होत्या. मला बघून एकेकीचा हात थांबला.

"मोठीले दावली का आधी?" झुंबरबाईंनी विचारलं.

"काय दाखवायचं?"

"साडी व! नवी साडी आधी तिच्या टाकाले लावा लागते, मंग आंगाले. तुले कोणी सांगलं नाही?"

देव्हाऱ्यात बाईच्या आकृतीचा एक चांदीचा टाक होता खरा. प्रेमनं ती कुळदेवी म्हणून सांगितलं होतं. मी म्हटलं, चुकलं असेल, आता जाऊन लावते. झुंबरबाईंनी मान हलवली.

"आता लावून काय उपेग? तिचं पहिलं तू घेतलं. आता ती तुहं पहिलं घेईन."

मी घरात येऊन साडी सोडून टाकली. संध्याकाळी प्रेमला सांगितलं तर तो हसला. खूप वेळ हसला, आणि हसताना त्यानं माझ्याकडे बघितलं नाही.

३

अपू शाळेत जाऊन आठवड्याभरातच "मले" आणि "काऊन" शिकली होती. मला गंमत वाटायची. "मम्मी, मी खेळाले जाऊन राह्यली," असं ओरडत ती पळायची आणि मी तिच्या मागून तसंच ओरडायचे. साडीच्या प्रकरणानंतर मात्र ती घरातच रमायला लागली. शाळेतून आली की मधल्या खोलीत. दिवा न लावता. मी हाक मारली की "आली" म्हणायची आणि यायची नाही.

एका दुपारी ती बाहेर आली तेव्हा तिच्या दोन घट्ट वेण्या घातलेल्या होत्या. भांग असा सरळ, की फूटपट्टी लावून काढलाय. केसांना चपचपीत तेल. आमच्या घरात खोबरेल होतं, हा वास दुसऱ्याच कशाचा तरी होता, मेथ्या घालून उकळलेल्या तेलाचा असावा. मला घट्ट वेण्या जमत नाहीत. वाघोलीत तिचे केस मी कापूनच टाकले होते. मान झाकेल एवढेही नव्हते ते. मी वेणी हातात घेतली. ती तिच्या खांद्याखाली येत होती.

"कोणी घातल्या गं?"

"आईनं."

"मी कधी घातल्या, शहाणे?"

"तू नाही, मम्मी." तिला माझी कीव आल्यासारखी तिनं मान वाकडी केली. "आईनं."

केस एवढे वाढले कसे, त्याचं मी काय केलं, सांगते. मी स्वतःशी म्हटलं, इथलं पाणी मानवलं असेल. माणूस घाबरलं की किती मूर्खासारखं तर्कशुद्ध बोलतं! मी झुंबरबाईंना जाऊन विचारलं, पोरीच्या वेण्या तुम्ही घातल्या का. त्या म्हणाल्या, "मी काऊन घालीन? तिले माय नाही का?" हे त्यांनी माझ्याकडे बघून म्हटलं नाही. माझ्या खांद्यावरून, आमच्या दाराकडे बघून म्हटलं.

४

खुर्शीदाभाभी बांगड्या भरायला आली, तेव्हा सगळं फुटलं. महालक्ष्म्यांच्या आधी ती घरोघर फिरून बायांना हिरवा चुडा भरते. हॉलमध्ये ऐसपैस बसून तिनं माझा हात दाबून दाबून मऊ केला, अल्ला-अल्ला म्हणत एकेक बांगडी चढवली, एकही फुटली नाही. मग पेटीतून दुसरा जोड काढला, चांगला मोठ्या मापाचा.

"हा कोणाला?"

"मोठ्या भाभीचा. तिचा हात भरीव होता ना, तिले हेच माप लागते." ती बांगड्या पुसत होती. "लग्नात मीच भरला होता चुडा. दरसाल तिच्या नावानं देते. नारायणराव होते तोवर ते बोलावून घेत."

"कोणाच्या लग्नात?"

"प्रेमभैयाच्या. तिच्यासाठीच तं बांधलं ना हे घर..." आणि तिनं वर बघितलं. माझ्या तोंडावर काय होतं मला माहीत नाही, पण तिच्या हातातलं फडकं खाली पडलं. "या अल्ला. तुम्हाले माहीत नाही?"

ती पैसे न घेता गेली. मोठा जोड मात्र देव्हाऱ्यापुढे ठेवून गेली.

प्रेम आला तेव्हा मी चहा विचारला नाही. "तुझी पहिली बायको कोण?" असंच विचारलं. तो चपला काढता काढता थांबला. मग त्या नीट जोडून ठेवल्या.

"होती. गेली ती, लग्नानंतर वर्षभरातच."

"कशानं?"

"घरातच. मधल्या खोलीत." एवढंच. तिचं नाव त्यानं घेतलं नाही, आणि मी पुन्हा पुन्हा विचारूनही घेतलं नाही. "तुला सांगितलं असतं तर तू लग्न केलं असतंस?"

केलं असतं. हीच तर चीड आहे. एखाद्या विधुराशी लग्न करायला मला काहीच वाटलं नसतं. पण नऊ वर्षं या माणसानं माझ्या शेजारी झोपून, माझ्या हातचं खाऊन, माझ्या पोरीला कडेवर घेऊन एक अख्खी बाई माझ्यापासून लपवली, आणि मग मला तिच्याच घरात आणून ठेवलं. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. मी ओरडले, रडले, ताटली फेकली. माझं संपल्यावर तो म्हणाला, "महालक्ष्म्या होऊन जाऊ दे. मग तू म्हणशील तिथं सोडतो."

तू, म्हणाला तो. तुम्ही दोघी, असं नाही. हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

५

महालक्ष्म्या यायच्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात करंज्यांची परात भरलेली होती. कडा इतक्या बारीक मुडपलेल्या, की मी जन्मात केल्या नसत्या. प्रेम म्हणाला झुंबरबाईंनी पाठवल्या, झुंबरबाई म्हणाल्या त्यांच्याकडचं तेल अजून चढायचंय. मी देव्हाऱ्याकडे गेले. खुर्शीदाभाभीनं ठेवलेल्या हिरव्या बांगड्या तिथंच होत्या. मी एक उचलली. तिच्या आतल्या बाजूला कणीक वाळून चिकटली होती. सगळ्यांनाच होती. मळताना आपल्या हाताला चिकटते ना, तशी.

मी बांगडी जागच्या जागी ठेवली आणि हात धुतले. साबण लावून पुन्हा धुतले.

दिवेलागणीला बाया जमल्या. दारापासून आत मी हळदकुंकवाची पावलं काढली होती. थोरलीचा मुखवटा झुंबरबाईंच्या हातात, धाकटीचा माझ्या. अपू पुढे चमच्यानं ताट वाजवत होती, मागे प्रेम. लक्ष्म्यांना सगळं घर दाखवायचं, प्रत्येक खोलीत विचारायचं आणि घरच्या बाईनं उत्तर द्यायचं, हे झुंबरबाईंनी मला दोनदा पढवलं होतं.

"या घरात काय?" त्यांनी हॉलमध्ये विचारलं.

"सुखसमाधान," मी म्हटलं. बाया "हो" म्हणाल्या.

स्वयंपाकघरात विचारलं, "इथं काय?"

"अन्नाच्या राशी."

मग आम्ही मागे फिरून मधल्या खोलीच्या दारात आलो. आत दिवा नव्हता. मी लावला होता, मला पक्कं आठवतंय. झुंबरबाई उंबऱ्याशी थांबल्या आणि त्यांनी मला पढवलेलं नव्हतं तेच विचारलं.

"इथं कोण?"

माझ्या मागून प्रेमचा आवाज आला. "घरची मोठी."

"अन् लेकरू कोणाचं?"

मला वाटलं मी ओरडले. मी "माझं" म्हटलं, याची मी शपथ घ्यायला तयार आहे. पण ताट जोरात वाजत होतं, आणि त्यावर प्रेमचं उत्तर सगळ्यांना स्वच्छ ऐकू गेलं.

"मोठीचं."

"हो," बाया म्हणाल्या. अपूनं ताट खाली ठेवलं आणि अंधारात सरळ चालत आत गेली. माझ्या हातात मुखवटा होता. तो टाकून धावावं एवढंही मला सुचलं नाही.

बाया गेल्यावर मी त्याची कॉलर धरली. "साडी तू मुद्दाम नेसायला लावलीस."

त्यानं नाही म्हटलं नाही. "अपू वर्षाची असताना तापात होती. डॉक्टरांनी हात टेकले होते, आठवतं? मी बाहेर जाऊन कोणाला हाक मारली असेल?"

"देवाला. तूच म्हणाला होतास."

"देवाला हाक मारून झाली होती," प्रेम म्हणाला. "अपू वाचली ती मोठीमुळं. आता शब्द पाळावा लागतो."

"शब्द तुझा होता! पोरगी माझी आहे!"

"आधी विचारलं असतं तर तू दिली असतीस?" तो म्हणाला. अगदी समजुतीच्या सुरात.

६

दुसऱ्या दिवशी तो पूजेची फुलं आणायला गेला तेव्हा मी अपूचा हात धरला आणि स्टँडवर आले. मेहकरची गाडी लागलेली होती. मेहकरहून पुण्याची मिळाली असती. अपू निमूट आली, रडली नाही, काही नाही. फक्त तिचा हात माझ्या हातात असा होता, जसा आपण रस्ता ओलांडताना कोणा अनोळखी मुलाचा धरतो.

गाडीच्या दाराशी जानराव भेटले. रिकामे कॅन घेऊन परत निघाले होते.

"धाकट्या वैनी, मोठीची पोर कुठं घेऊन चालल्या?"

"माझी पोरगी आहे ती!"

"असं कसं म्हंता?" ते खरंच गोंधळले होते. त्यांनी अपूकडे वाकून विचारलं, "काय व बाई, हे कोण तुह्या?"

"धाकट्या," अपू म्हणाली. "आमच्या घरी राहाले आल्या."

लोक जमले. एका म्हातारीनं अपूला माझ्यापासून अलगद बाजूला घेतलं. कंडक्टरनं मला गाडीत चढू दिलं नाही. मी मोबाईलमधले फोटो दाखवत सुटले, बारशाचे, वाघोलीतल्या बागेतले. म्हातारीनं मान डोलावली आणि म्हणाली, "पोरगी मायवर गेली." तिनं बोट ठेवलं तिथं मी होते की नव्हते, ते बघायचं धैर्य मला झालं नाही. तोवर प्रेम मोटारसायकलवरून आला, सगळ्यांची माफी मागितली, आणि आम्हाला घरी घेऊन गेला.

मी वाटेत त्याला म्हटलं, "तुझं तळपट होईल." तो म्हणाला, "हो."

७

तिसरा दिवस पाठवणीचा. दोघी लक्ष्म्या हॉलमध्ये उभ्या होत्या, समोर दहीभाताचा नैवेद्य. गल्लीतल्या बाया आल्या, पण कोणी मला हळदकुंकू लावलं नाही. मी बाजूला भिंतीशी उभी होते आणि बाया माझ्या आजूबाजूनं असं ये-जा करत होत्या, जसं कोपऱ्यातल्या सामानाला वळसा घालतात. मी झुंबरबाईंचा हात धरला. "तुम्हाला पण लेकी आहेत ना," मी म्हटलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझी बोटं सोडवून त्यांनी अक्षतांची वाटी उचलली.

अक्षता टाकून मुखवटा जरासा हलवला, की लक्ष्मी गेली असं धरतात. झुंबरबाईंनी धाकटीवर अक्षता टाकल्या, मुखवटा हलवला. मग थोरलीकडे वळल्या आणि थांबल्या. त्यांनी प्रेमकडे बघितलं. प्रेमनं नाही म्हणून मान हलवली. थोरलीवर कोणीच अक्षता टाकल्या नाहीत.

मधल्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. कपाटाचं हँडल वाजलं, कर्रकन, आणि या वेळी त्यामागून पत्र्याचं दार पूर्ण उघडल्याचा आवाज आला. अपू दाराच्या फटीत उभी होती, पाठ आत, तोंड आमच्याकडे. नवं परकर-पोलकं घातलेली. तिच्या डोक्यावर एक हात होता. मनगटापर्यंतच दिसत होता, पुढे अंधार. भरीव, गोरा, हिरव्या बांगड्यांचा. तो तिच्या भांगावरून हळूहळू फिरत होता. आपलं मूल बऱ्याच दिवसांनी हाती लागलं की जसा फिरतो, तसा. मी शंभर वेळा स्वतःला विचारलंय की तो एखाद्या शेजारणीचा हात असेल का. सगळ्या शेजारणी हॉलमध्ये होत्या.

मी धावले. अपूसमोर गुडघ्यावर बसले, तिचे दोन्ही खांदे धरले. "अपू, माझ्याकडे बघ. मम्मीकडे बघ."

तिनं बघितलं. नीट, लक्ष देऊन बघितलं. आठवायचा प्रयत्नसुद्धा केला असावा, कपाळाला आठी पडली होती. मग तिनं मान मागे वळवून अंधाराला विचारलं, "आई, हे कोण व?"

उत्तर प्रेमनं दिलं, माझ्या मागे उभं राहून.

"पाहुण्या आहेत, माय. चालल्या आता."

त्यानं अक्षता टाकल्या. माझ्या डोक्यावर, खांद्यावर, मांडीवर तांदूळ पडले. आपण काय करतोय ते त्याला ठाऊक होतं, आणि म्हणूनच मी त्याला कधी माफ करणार नाही. अपूला काहीच ठाऊक नव्हतं. निघालेल्या पाहुण्यांना वाकून नमस्कार करायचा, हे तिला वाघोलीत मीच शिकवलं होतं. माझे हात तिनं हळूच खांद्यावरून काढले, खाली वाकली आणि मला नमस्कार केला.